परस्परविश्वासाचें गणित

जून २०२२ मध्यें अमरावती जिल्ह्यांतील लोणी ते अकोला जिल्ह्यांतील माना या दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत अखंड तयार झाला, आणि गिनीजच्या विक्रमांत त्याची नोंद झाली. ७२० कामगार त्यासाठीं अहोरात्र राबले. अशा कामांत डांबराचें मिश्रण वेळेवर येईल, हा भरंवसा थर पसरणारास हवा; थर नीट पसरला जाईल, हा रोलर चालविणारास हवा. तो नसेल, तर जो तो दुसऱ्याची वाट पाहत बसेल.

परंतु विश्वासानें काम किती वाढतें, हें मोजावें कसें? चालतें काम थांबवून माणसांवर प्रयोग करतां येत नाहीं. म्हणून शास्त्रज्ञ संगणकांत कल्पित माणसें मांडतात, त्यांस वागण्याचे नियम देतात व परिणाम मोजतात. मिशिगन विद्यापीठांतील रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनीं अशाच एका स्पर्धेचे निष्कर्ष १९८० मध्यें प्रसिद्ध केले. विद्वानांनीं १४ नियम पाठविले होते. प्रत्येक जोडीनें २०० डाव खेळावयाचे. दोघांनीं साहाय्य केल्यास प्रत्येकास ३ गुण. दोघांनीं अंग चोरल्यास १. एकानेंच चोरल्यास त्यास ५ व साहाय्य करणारास ०. विजयी ठरला सर्वांत सोपा नियम, ॲनातोल रॅपोपोर्ट यांचा ‘जशास तसें’: आरंभीं साहाय्य करावें, पुढें सोबत्यानें मागील डावांत जें केलें, तेंच आपण करावें.

आतां वाचकांनीं पाटी घ्यावी. समजा, चौघांच्या टोळींत दोघे हा नियम पाळणारे भरंवशाचे गडी व दोघे नित्याचे अंगचोर आहेत, आणि प्रत्येकाचा प्रत्येकाशीं सामना होतो. भरंवशाच्या दोघांस परस्परांपासून ६०० गुण. अंगचोराशीं गांठ पडतां गड्यास १९९, अंगचोरास २०४. दोन अंगचोरांस आपसांत २००. बेरीज करा: भरंवशाचा गडी ९९८, अंगचोर ६०८! समोरासमोर अंगचोर कोणाकडूनही हरला नाहीं, तरी एकंदरींत मागें पडला. मात्र भरंवशाचा गडी एकटाच असेल, तर त्यास ५९७ व प्रत्येक अंगचोरास ६०४. म्हणजे एकट्याचा सद्गुण तोट्यांत जातो. एक सोबती मिळतांच पारडें फिरतें. सर्वच अंगचोर असल्यास टोळीचे गुण २४००; सर्वच भरंवशाचे असल्यास ७२००.

या प्रयोगाची मर्यादाही आम्हीं सांगितली पाहिजे. संगणक दिलेल्या नियमांपुरतेंच उत्तर देतो. माणसाचें मन त्यांत नसतें. शिवाय साहाय्यच चुकून अंगचोरपणा समजलें गेलें, तर ‘जशास तसें’ पाळणारे दोघे आळीपाळीनें सूड घेत राहतात. अशा वेळीं मधून मधून क्षमा करणारा नियम श्रेष्ठ ठरतो, हें मार्टिन नोवाक व कार्ल सिग्मुंड यांनीं १९९२ मध्यें दाखविलें.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस इतकेंच सुचवितों: क्रीडांगणावर असो वा पुढें नोकरींत, भरंवशाचा पहिला गडी आपण व्हावें, दुसरा शोधावा, आणि चूक व लबाडी यांतील भेद ओळखल्यावांचून कोणास शिक्षा करूं नये.