शोधनिबंधाचा प्रवास : टपालापासून पडद्यापर्यंत

आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहणार आहे, हे तुम्ही ऐकलेच असेल. अशी लहर पहिल्यांदा पकडली ती अमेरिकेतील दोन वेधशाळांनी, १४ सप्टेंबर २०१५ रोजी. त्याविषयीचा शोधनिबंध ११ फेब्रुवारी २०१६ रोजी प्रसिद्ध झाला आणि त्याच दिवशी तो सेनगावात बसूनही फुकट वाचता येत होता. यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. मला मात्र नवल वाटते.

मी एम.एस्सी.ला असताना एका पुस्तकाच्या तळटीपेत मला हव्या असलेल्या शोधनिबंधाचे नाव सापडले. ते नियतकालिक आमच्या ग्रंथालयात येत नव्हते. वर्गणीच परवडणारी नव्हती. मी थेट लेखकाला पत्र लिहिले. त्या भल्या माणसाने प्रत पाठवली, पण ती हाती पडेपर्यंत परीक्षा होऊन गेली होती!

शोधनिबंध छापण्यापूर्वी संपादक तो त्या विषयाच्या दोन-तीन तज्ज्ञांकडे पाठवतात. ते चुका काढतात, शंका विचारतात. यात कित्येक महिने जातात. म्हणून भौतिकशास्त्रज्ञ छापण्यापूर्वीच्या प्रती एकमेकांना टपालाने पाठवत. अर्थात, ज्यांची नावे त्या यादीत असत त्यांनाच त्या मिळत. १९९१ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत पॉल गिन्स्पार्ग यांनी या प्रती संगणकाच्या जाळ्यावर सर्वांसाठी ठेवण्याची सोय केली. तीच आजची ‘आर्काइव्ह’. आता तिथे दरमहा वीस हजारांहून अधिक निबंध येतात. तिथले कार्यकर्ते निबंधाचा विषय व स्वरूप पाहतात. पण आतील विधाने खरी की खोटी, हे तपासत नाहीत.

त्याचा परिणाम जुलै २०२३ मध्ये दिसला. दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी, साध्या तापमानालाही विद्युतरोध शून्य होणारा पदार्थ सापडल्याचा निबंध तिथे ठेवला. जगभर गाजावाजा झाला. पण निबंध उघडा असल्याने कृतीही सर्वांच्या हाती आली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेकांनी तो पदार्थ बनवून पाहिला. अतिवाहकता काही सापडली नाही. रोधातील ती घसरण मुख्यतः कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे होती, असे काही आठवड्यांतच उलगडले. वेगाने पसरलेली चूक तितक्याच वेगाने पकडली गेली. मात्र दर महिन्याच्या त्या हजारो निबंधांच्या वाट्याला एवढी तपासणी येत नाही.

पैशाचा प्रश्नही मिटलेला नाही. वाचकाकडून वर्गणी न घेणारी कित्येक नियतकालिके लेखकाकडून शुल्क घेतात, आणि काहींचे ते लाखो रुपयांत जाते. म्हणजे पूर्वी वाचणारा अडायचा, आता लिहिणारा अडतो. आपल्या सरकारने १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना सुरू केली, ती वाचण्यापुरती आणि तूर्त शासकीय संस्थांसाठी.

आता पुन्हा त्या २०१६ च्या निबंधाकडे वळू. तो तज्ज्ञांच्या परीक्षणानंतरच छापला गेला, आणि मोजमापेही सर्वांसाठी खुली ठेवली गेली. त्यातली पहिलीच आकृती पाहा. लहर एका वेधशाळेत आधी आणि दुसरीत सुमारे ०.००७ सेकंदाने नंतर पोचली. दोहोंतील अंतर सुमारे ३,००० कि.मी. गुरुत्वीय लहर प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ३,००,००० कि.मी. जाते. तेवढ्या वेळात ती २,१०० कि.मी. गेली. हा आकडा ३,००० पेक्षा जास्त निघाला असता, तर निबंधात काहीतरी चुकले होते! तो कमी आहे, कारण लहर तिरकी आली. २,१०० ला ३,००० ने भागा : ०.७. ज्या कोनाची कोसाइन ०.७ तो कोन सुमारे ४५ अंश. पण एवढ्यावरून आकाशात एक बिंदू मिळत नाही. त्या कोनाचे अख्खे वर्तुळ मिळते. औंढ्याच्या वेधशाळेतील वेळही हाती आली तर त्या वर्तुळाचे काय होईल, हे वहीत आकृती काढून पाहा.