मोटार अपघातातील दुखापत व भरपाईचा दावा

अपघातानंतर वाहनचालकाने औषधपाण्याचे पैसे दिले आणि चार पंचांसमक्ष एका कागदावर जखमीचा अंगठा उमटला, की प्रकरण मिटले अशी समजूत खेड्यापाड्यांतून अद्याप आढळते. पुढे हाड सांधते, टाके निघतात. परंतु हात खांद्याच्या वर जात नाही हे ध्यानी येते तेव्हा उशीर झालेला असतो. दुखापतीची भरपाई मागण्याचा हक्क मोटार वाहन अधिनियम, १९८८ याने दिलेला आहे. तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा असल्यामुळे ती रक्कम बहुधा विमा कंपनीस द्यावी लागते. तेव्हा चालक गरीब आहे म्हणून जखमीने गप्प बसण्याचे कारण नाही.

दाव्याचा पाया पहिल्या एकदोन दिवसांतच घातला जातो. पोलिसांत वर्दी देणे, वाहनाचा क्रमांक टिपणे, जागेचा पंचनामा होऊ देणे या गोष्टी बहुतेकांस ठाऊक असतात. दवाखान्यातील केसपेपरकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. घाईगर्दीत सोबतचा मनुष्य ‘गाडीवरून पडला’ एवढेच सांगतो, तसेच लिहिले जाते, आणि पुढे विमा कंपनीचे वकील नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवतात. कोणत्या वाहनाने, कोठे व केव्हा धडक दिली हे डॉक्टरांस प्रथमच स्पष्ट सांगावे. वर्दीस विलंब झाला असला तरी त्याचे कारण समाधानकारक असल्यास तेवढ्यावरून दावा बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली म्हटले आहे.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करावयाचा असतो. सीमाभागातील लोकांस येथे एक सोय मुद्दाम सांगण्यासारखी आहे. समजा, खानापूर तालुक्यातील एक गवंडी कामासाठी गोव्यात गेला आणि साखळीजवळ ट्रकच्या धडकेने जखमी झाला. दाव्याच्या तारखांसाठी त्याने घाट उतरून खेपा घातल्याच पाहिजेत असे नाही. अपघाताचे ठिकाण, प्रतिवादीचे वास्तव्य, अथवा दावेदाराचे स्वतःचे वास्तव्य वा व्यवसाय जेथे असेल, त्यांपैकी कोणत्याही क्षेत्राच्या न्यायाधिकरणात अर्ज चालतो.

मुदतीची अट १९९४ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आली. त्यानुसार १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करणे आवश्यक ठरले. केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तथापि अंतरिम आदेशावर विसंबून स्वस्थ बसणे शहाणपणाचे नव्हे.

रकमेविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. दाखल्यावर ४० टक्के अपंगत्व लिहिले म्हणजे मिळकतही ४० टक्क्यांनी घटली, असे न्यायालये धरीत नाहीत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणी २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने हा भेद सोदाहरण विशद केला. डावा हात गमावलेल्या सुताराची वा वाहनचालकाची जवळजवळ सारी कमाई जाते. सरकारी कारकुनाची नोकरी त्याच दुखापतीनंतरही टिकू शकते. म्हणजे जखमी मनुष्य कोणते काम करीत होता, हा प्रश्न टक्क्यांइतकाच महत्त्वाचा ठरतो.

वरील गवंड्याचे वय ३४ आणि मासिक मिळकत १२,००० रुपये धरू. वार्षिक मिळकत १,४४,००० रुपये झाली. कमावण्याची शक्ती निम्मी गेली असे ठरल्यास वार्षिक हानी ७२,००० रुपये. ३१ ते ३५ या वयासाठी गुणक १६ असल्याने या बाबीखाली ११,५२,००० रुपये येतात. औषधोपचार, बुडालेली मजुरी, वेदना व शुश्रूषा यांची रक्कम निराळी. गवंड्यापाशी पगाराची पावती कोठून असणार? अशा वेळी मुकादमाची हजेरीवही व त्याची साक्ष, बँकेचे पासबुक हेच उपयोगी पडतात. ही कागदपत्रे वेळीच हाती घ्यावीत, कारण मुकादम काम संपताच दुसऱ्या गावी जातो.

गंभीर दुखापतीसाठी चूक कोणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली २,५०,००० रुपये मिळू शकतात. परंतु ही रक्कम स्वीकारल्यास न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. सही करण्यापूर्वी वरचा हिशेब मांडून पाहावा. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ता न लागल्यास गंभीर दुखापतीस ५०,००० व मृत्यूस २,००,००० रुपयांची वेगळी योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे.

वकिलाचा खर्च झेपत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे वा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता तेथे विनामूल्य वकील मिळतो.