वाहनातील इन्व्हर्टर : जोडणी आणि सुरक्षित वापर

सिल्वासा, आमळी, नरोली आणि रखोली या औद्योगिक पट्ट्यातून खानवेलकडे निघाले की रस्ता हळूहळू डोंगरात शिरतो. पुढे दुधनी व मांदोनीच्या बाजूस पाडे विखुरलेले आहेत. वीज गावोगाव पोहोचली असली तरी पावसाळ्यात तारेवर झाड कोसळले की तासन् तास अंधार असतो, आणि पाड्यावरील मोकळ्या पटांगणात तर विजेची सोय मुळीच नसते. अशा ठिकाणी चित्रफीत दाखविणारे शिक्षक, आरोग्य तपासणीसाठी आलेले पथक, लग्नाचा ध्वनिवर्धक लावणारा मंडपवाला किंवा कारखान्याच्या फाटकाबाहेर रात्र काढणारा मालमोटारीचा चालक, हे सारे वाहनातील बॅटरीवरच इन्व्हर्टर चालवून आपली गरज भागवितात. उपकरण लहान, किंमत आटोक्यातली आणि जोडणी वरवर पाहता दोन तारांची. या सोपेपणामुळेच त्यातील धोका नजरेआड होतो. म्हणून या विषयाची थोडी तपशीलवार माहिती येथे देत आहोत.

वाहनाची बॅटरी १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह देते. घरातील उपकरणांना २३० व्होल्टचा, सेकंदाला ५० आवर्तने असलेला प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. इन्व्हर्टर पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यात करतो. तो वीज निर्माण करीत नाही; किंबहुना या रूपांतरात साधारणपणे दहा ते पंधरा टक्के वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ही गोष्ट लक्षात ठेवून एक लहानसे गणित करून पाहावे.

समजा, प्रक्षेपक, लॅपटॉप आणि लहान ध्वनिवर्धक मिळून ३०० वॅटचा भार आहे. हाच भार घरातील जोडणीवर चालविला तर प्रवाह जेमतेम १.३ अँपिअर होतो. बॅटरीच्या बाजूस मात्र व्होल्टेज १२ असल्यामुळे तेवढ्याच शक्तीसाठी २५ अँपिअर लागतात आणि रूपांतरातील घट धरली तर सुमारे ३० अँपिअर. म्हणजे इन्व्हर्टरच्या एका बाजूस बारीक तार पुरते, तर दुसऱ्या बाजूस तिच्या वीस पटींहून अधिक प्रवाह वाहून नेणारी तार लागते. वाहनातील इन्व्हर्टरमुळे होणाऱ्या बहुतेक अपघातांचे मूळ हे गणित न करण्यात असते. १२ व्होल्टला शॉक बसत नाही, म्हणून त्या बाजूकडे लोक निष्काळजीपणे पाहतात. परंतु आग लागते ती बहुधा त्याच बाजूस.

प्रथम सिगारेट लायटरच्या खोबणीविषयी. ही खोबण जवळजवळ प्रत्येक मोटारीत असते आणि लहान इन्व्हर्टर तिच्यातच खोचता येतात. परंतु तिचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. तेव्हा तिच्यावर १०० ते १२० वॅटपेक्षा अधिक भार टाकू नये. मोबाइल, लॅपटॉप, दोनतीन एलईडी दिवे एवढ्यासाठी ती पुरेशी आहे. भार वाढवला की फ्यूज उडतो. मग कोणीतरी त्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज घालून देतो आणि काम चालू होते. मात्र डॅशबोर्डामागील तार पूर्वीचीच, बारीक राहते. आता फ्यूजच्या ऐवजी तीच तापते, आणि तिचे आवरण वितळू लागल्याचे आतील अरुंद जागेत कोणाच्याही लक्षात येत नाही.

याहून मोठा इन्व्हर्टर थेट बॅटरीला स्वतंत्र तारांनी जोडावा लागतो. तार तांब्याची, अनेक बारीक धाग्यांची व लवचीक असावी. ३०० वॅटच्या इन्व्हर्टरसाठी, अंतर दोन मीटरच्या आत असल्यास, १६ चौरस मिलिमीटर छेदाची तार उत्तम. घराच्या वायरिंगमधील उरलेली अडीच चौरस मिलिमीटरची तार वापरण्याचा मोह अनेकांना होतो. जाऊन-येऊन चार मीटर लांबीच्या अशा तारेत ३० अँपिअरला सुमारे ०.८ व्होल्टची घट होते. १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ती ०.१३ व्होल्टच्या आसपास राहते. बाराच्या हिशेबात ०.८ व्होल्ट ही मोठी घट आहे. इन्व्हर्टरला बॅटरी उतरली असे वाटून तो कर्कश आवाज करू लागतो, आणि तारेत पंचवीस वॅटच्या आसपास उष्णता अखंड निर्माण होत राहते.

तारेइतकेच महत्त्व सांध्यांना आहे. तारेची टोके नुसती पिळून बॅटरीच्या अग्राभोवती गुंडाळू नयेत. योग्य मापाचे तांब्याचे लग दाबयंत्राने पक्के दाबून घ्यावेत. सैल सांध्याचा रोध ०.०५ ओहम एवढा अल्प असला तरी ३० अँपिअरला तेथे ४५ वॅट उष्णता निर्माण होते. डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची लहान इस्त्री साधारण एवढ्याच शक्तीची असते. असा सांधा खडबडीत रस्त्यावर महिनाभर हादरे खात राहिला, तर काय होईल हे सांगावयास नको. म्हणून बोल्टाखाली स्प्रिंग वॉशर घालावा.

आता फ्यूज. इन्व्हर्टरच्या आत फ्यूज असतोच, मग आणखी कशाला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. आतील फ्यूज इन्व्हर्टरच्या पलीकडील दोषापासून संरक्षण करतो. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारेचे रक्षण तो करू शकत नाही. ही तार पत्र्याच्या धारेवर घासून तिचे आवरण फाटले आणि आतील तांबे वाहनाच्या सांगाड्याला टेकले, तर बॅटरी क्षणात काही शे अँपिअर प्रवाह सोडते आणि तार लाल होते. ते थांबविणारा फ्यूज बॅटरीच्या धन अग्राच्या शक्य तितका जवळ, फार तर एक वीत अंतरावर, असला पाहिजे. फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधला तुकडा असंरक्षित राहतो, म्हणून तो आखूड असावा. ३०० वॅटसाठी ४० अँपिअरचा फ्यूज योग्य. तो नेहमीच्या प्रवाहापेक्षा अधिक आणि तारेच्या क्षमतेपेक्षा कमी आहे. पत्र्याच्या भोकातून तार नेताना भोकात रबरी कडी बसवावी आणि सायलेन्सर, पट्टा व पंखा यांपासून तार दूर बांधून घ्यावी.

प्रत्यक्ष जोडणी करताना हातातील कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. इंजीन बंद, इन्व्हर्टरचे बटण बंद, फ्यूज काढलेला. वाहनाची मूळ जोडणी सोडवायची असल्यास ऋण अग्राची तार प्रथम सोडवावी आणि शेवटी जोडावी. त्याचे कारण असे की वाहनाचा संपूर्ण सांगाडा ऋण अग्राला जोडलेला असतो. ऋण अग्र सुटलेले असेल तर धन अग्रावरील पाना चुकून पत्र्याला टेकला तरी काही होत नाही. जोडलेले असेल तर त्याच पान्यातून ठिणग्यांचा लोट निघतो. चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि हवेत तो चार टक्के इतका मिसळला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून शेवटचा सांधा बॅटरीवर करू नये. इन्व्हर्टर जोडताना आतील संधारक भरून निघताना छोटी ठिणगी पडतेच. ती बॅटरीपासून दूर पडावी. लाल तार धन अग्राला, काळी ऋण अग्राला, हे दोनदा पडताळून पाहावे. उलट जोडणी झाली तर इन्व्हर्टर एका क्षणात निकामी होतो. अलीकडील काही मोटारींत ऋण अग्रावर बॅटरीची स्थिती मोजणारे लहान उपकरण बसविलेले असते. तेथे इन्व्हर्टरची काळी तार थेट अग्राला न जोडता निर्मात्याने दाखविलेल्या सांगाड्यावरील जागी जोडावी. विजेवर चालणाऱ्या मोटारीतील नारिंगी आवरणाच्या तारांना तर हातच लावू नये. त्यांतील व्होल्टेज काही शेमध्ये असते.

इन्व्हर्टर इंजिनाच्या कप्प्यात बसवू नये, बॅटरीशेजारी बंद पेटीतही नको. त्याच्या चहूबाजूंनी चार बोटे मोकळी जागा राहील अशा कोरड्या ठिकाणी बोल्टांनी घट्ट बसवावा. आसनाखाली ठेवून वर घोंगडे टाकल्यास त्याचा पंखा स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढू लागतो.

मालमोटारी व बस यांविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे, कारण सिल्वाशाच्या परिसरात त्यांची वर्दळ मोठी आहे. या वाहनांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट मिळविलेले असतात. १२ व्होल्टचा स्वस्त इन्व्हर्टर दोहोंपैकी एकाच बॅटरीवर लावून देण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास आढळते. काही दिवस ते चालते. पण भार एकीवरच पडतो आणि अल्टरनेटर मात्र दोघींना मिळूनच चार्ज करतो. परिणामी एक बॅटरी कायम अर्धपोटी राहते, तर दुसरीला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून तिचे पाणी उकळून जाते. वर्षाच्या आत दोन्ही बदलाव्या लागतात आणि दोष बॅटरीच्या कंपनीला दिला जातो. अशा वाहनासाठी २४ व्होल्टचाच इन्व्हर्टर घ्यावा.

बॅटरीकडून किती काम घ्यावे? मोटारीची बॅटरी इंजीन सुरू करण्यासाठी, म्हणजे काही सेकंद खूप मोठा प्रवाह देण्यासाठी बनविलेली असते. तिच्या पट्ट्या पातळ असतात आणि वारंवार खोलवर उतरविल्यास त्या लवकर निकामी होतात. विश्रांत अवस्थेत पूर्ण भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज १२.६ च्या आसपास असते, १२.२ ला ती जवळजवळ अर्धी उतरलेली असते. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर ३० अँपिअरचा भार टाकला तर कागदावरच्या हिशेबाने ती तासाभरात अर्धी होते. प्रत्यक्षात त्याहून लवकर, कारण प्रवाह मोठा असला की तिची उपयुक्त क्षमता घटते. बहुतेक इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टच्या सुमारास आपोआप बंद होतात. त्या संरक्षणावर विसंबून राहू नये. त्या टप्प्याला पोहोचलेली बॅटरी इंजीन सुरू करू शकत नाही, आणि रात्री दहा वाजता दुधनीच्या रस्त्यावर गाडीला धक्का देण्यास माणसे मिळतीलच असे नाही.

यावर उपाय म्हणून अनेक जण इंजीन चालू ठेवतात. उघड्या पटांगणात ते ठीक आहे. तासाला अर्धा ते एक लिटर इंधन जळेल एवढेच. मात्र मंद गतीवर अल्टरनेटर आपल्या क्षमतेच्या बऱ्याच खाली वीज देतो, आणि दिवे व वायपर चालू असतील तर इन्व्हर्टरच्या वाट्याला फार थोडे उरते. परंतु पाऊस आहे म्हणून वाहन पडवीत, गोदामात किंवा दार लावलेल्या छपरीत उभे करून इंजीन चालू ठेवणे हा जिवाशी खेळ होय. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. प्रथम डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. माणूस त्याला थकवा समजून आडवा होतो आणि पुन्हा उठत नाही. ताडपत्री ओढलेल्या मालमोटारीत पंख्यासाठी इंजीन चालू ठेवून झोपणाऱ्या चालकालाही हाच धोका आहे. धूर बाहेर फेकणारी नळी बांधाला किंवा भिंतीला टेकली असेल, तर तो अधिकच वाढतो. दार किंचित उघडे ठेवून भागत नाही. वाहन उघड्यावर आणावे. गुंगी आलेल्या माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावे.

२३० व्होल्टच्या बाजूस घरातील विजेइतकाच शॉक बसतो. वाहनाची चाके रबरी आहेत, तेव्हा भीती नाही, हा समज सोडून द्यावा. दोन तारांना एकाच वेळी स्पर्श झाला तर चाकांचा काहीच उपयोग होत नाही. २ ऑगस्ट हा येथील मुक्तिदिन. १९५४ साली याच दिवशी सिल्वासा मुक्त झाले. त्याचे कार्यक्रम ऐन पावसात येतात. अशा वेळी ध्वनिवर्धकाच्या तारा ओल्या गवतावरून नेल्या जातात, जोडही जमिनीवरच पडलेले असतात. ते उंचावर, प्लास्टिकच्या आच्छादनाखाली असावेत आणि तारा सलग, बिनजोड असाव्यात. भूमिकरणाची जोडणी निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणेच करावी. स्वतःच्या कल्पनेने नव्हे.

इन्व्हर्टरची वीज घराच्या वा शाळेच्या वायरिंगमध्ये सोडण्यासाठी दोन्ही टोकांना प्लग लावलेली तार काही जण तयार करतात. ही तार कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. लहान इन्व्हर्टर गावभरच्या भाराखाली बहुधा लगेच बंद पडेल. पण तार तुटून तेवढाच भाग वेगळा पडला असेल, तर बंद समजल्या जाणाऱ्या लाइनीत वीज खेळू लागते. ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेनेही काम करतो. २३० व्होल्ट एका बाजूने शिरले तर दुसऱ्या बाजूस हजारो व्होल्ट उभे राहू शकतात. खांबावर चढलेल्या वीज कर्मचाऱ्याला याची काहीच कल्पना नसते. शिवाय मुख्य पुरवठा अचानक परत आला की इन्व्हर्टर जळतो तो वेगळाच. वाहनातील इन्व्हर्टरला उपकरण थेट जोडावे.

कोणती उपकरणे चालवावीत, याबाबत एक ठोकताळा पुरे : जे तापविते ते नको. इस्त्री, शेगडी, पाणी तापविण्याची कांडी ही एक हजार वॅट किंवा त्याहून अधिक वीज खातात. मोटर असलेली उपकरणे सुरू होताना आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढतात. म्हणून मिक्सर वा पंप जोडण्यापूर्वी इन्व्हर्टरची क्षणिक क्षमता पाहावी. स्वस्त इन्व्हर्टरची प्रवाहलहर पायऱ्यापायऱ्यांची असते. दिवे व चार्जर तिच्यावर चालतात, पंखे गुणगुणतात आणि तापतात. वैद्यकीय उपकरणांसाठी शुद्ध लहरीचा, त्या उपकरणाच्या निर्मात्याला मान्य असलेलाच इन्व्हर्टर वापरावा.

जोडणी पूर्ण झाल्यावर पूर्ण भार टाकून पंधरा मिनिटे चालवावे. मल्टिमीटरने प्रथम बॅटरीच्या अग्रांवर व नंतर इन्व्हर्टरच्या अग्रांवर व्होल्टेज मोजावे, दोहोंत ०.३ व्होल्टपेक्षा अधिक फरक असेल तर तार बारीक आहे किंवा सांधा सैल आहे. मग भार बंद करून प्रत्येक सांध्याला बोट लावून पाहावे. कोमट चालेल, बोट ठेवता येत नसेल तर सांधा उघडून नव्याने करावा. हीच तपासणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात करावी. फ्यूज उडाल्यास कारण सापडेपर्यंत नवा घालू नये, आणि त्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी तर कधीच नाही. वाहनात भुकटीचे लहान अग्निशामक नळकांडे ठेवावे व ते चालकाच्या हाताशी असावे. मागे सामानाखाली पुरलेले नव्हे.