थंडीत धावा, पण अंथरुणातून थेट रस्त्यावर नको

निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांखाली उतरल्याची बातमी आली, की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "एवढ्या गारठ्यात पळायचं, की संक्रांतीपर्यंत बंद ठेवायचं?" विचारणाऱ्यांत रक्तदाबाची गोळी घेणारे काका असतात, मविप्र मॅरेथॉनची तयारी करणारी कॉलेजची पोरं असतात आणि मुलाकडे कॅनडाला निघालेल्या आजीही असतात. सगळ्यांना माझं उत्तर एकच: बंद ठेवू नका, मात्र सुरुवातीची आणि शेवटची दहा मिनिटं नीट सांभाळा.

थंड हवा धावणाऱ्याच्या बाजूची असते. धावताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिचा जवळपास तीन चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. मे महिन्यात ती उष्णता अंगाबाहेर टाकताना हृदयाची दमछाक होते. डिसेंबरातली दहा-बारा अंशांची हवा ती आपणहून घेऊन जाते. लांब पल्ल्याच्या धावकांना असंच हवामान मानवतं. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकणारी सावरपाड्याची कविता राऊत आपल्याच नाशिक जिल्ह्यातली. तिचं नाव ऐकून पळायला लागलेल्या मुली मला भेटतात, आणि थंडी वाढली की त्यांच्या आया त्यांना बाहेर सोडायला कचरतात. त्या आयांना मी आग्रहाने सांगते, मुलींना जाऊ द्या.

आता पहिली दहा मिनिटं. गार हवा लागताच कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. मुळात सकाळी उठल्यावर रक्तदाब चढतच असतो. त्यात गोधडीतून उठून बूट चढवले आणि गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पोचताच वेग घेतला, तर वयाची चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या हृदयावर एकाच वेळी तीन बाजूंनी ताण येतो. म्हणून अंग घरातच तापवा. जागच्या जागी चालणं, खांदे-कंबर फिरवणं, जिन्याच्या चार फेऱ्या, असं आठ-दहा मिनिटं पुरतं. बाहेर पडल्यावर आधी भराभर चाला, मग सावकाश पळा. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे, वडील किंवा भाऊ कमी वयात हृदयविकाराने गेले आहेत, किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच पळायला सुरुवात करायची आहे, त्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. धावताना छातीवर दाब जाणवला, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, गार घाम फुटला किंवा एकदम धाप लागली, तर तिथेच थांबा आणि ताबडतोब रुग्णालय गाठा. ॲसिडिटी समजून सोडा प्यायला घरी परतण्यात मोलाचा वेळ जातो.

किती वाजता पळायचं, याबाबत माझं मत अनेकांना पटत नाही. पहाटे पाचची हवा सगळ्यात शुद्ध, हा समज हिवाळ्यात खरा नसतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन निवते, जड गार हवा खाली बसते आणि धूर-धूळ तिच्यातच अडकून राहते. चौकाचौकांतल्या शेकोट्या त्यात भर घालतात. दिंडोरी, पिंपळगाव, निफाडकडे तर द्राक्षांचे घड वाचवण्यासाठी बागायतदार रात्री बागेत धूर करतात. त्यांची ती निकडच असते, पण तो धूर शिवारातल्या रस्त्यावर उतरतो आणि आपण पळताना नेहमीच्या कितीतरी पट हवा आत ओढत असतो. तेव्हा सूर्य उगवून तासभर होऊ द्या. ऊन पडलं की ही हवा हलते, धुकं विरतं आणि ट्रकवाल्याला तुम्ही दिसता. नोकरीमुळे अंधारातच पळणं भाग असेल, तर महामार्ग सोडा, मैदान किंवा जॉगिंग ट्रॅक धरा आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घाला.

दम्याच्या रुग्णांसाठी थोडं वेगळं. जोराने श्वास घेताना कोरडी गार हवा श्वासनलिकेतला ओलावा शोषते, नलिका आवळतात आणि पळून थांबल्यावरही खोकला सुटतो. नाका-तोंडावर पातळ मफलर ठेवला तर आत जाणारी हवा ऊबदार आणि दमट होते. पळण्याआधी पंप घ्यायचा का आणि कोणता, हे तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. शेजाऱ्याचा पंप वापरू नका.

कपड्यांत लोक हमखास जास्तीचं घालतात. घरातून निघताना जरा गारच वाटलं पाहिजे. आत घाम सोडून देणारा कृत्रिम धाग्याचा टी-शर्ट, वर पातळ जाकीट, कानटोपी, हातमोजे. नाशिकसाठी एवढं भरपूर झालं. सुती बनियन घामाने भिजली की अंगाला चिकटून राहते आणि थांबल्याबरोबर ऊब ओढून घेते. इथेच शेवटची दहा मिनिटं येतात. पळून झाल्यावर ओल्या कपड्यांत टपरीवर चहा घेत गप्पा मारणं ही आपल्याकडची मोठी चूक. शरीराचं तापमान घसरायला बर्फच पडावा लागत नाही, ओले कपडे आणि वारा असला की दहा अंशांतही हुडहुडी भरते. सोबत कोरडा शर्ट ठेवा, आधी तो बदला, मग चहा घ्या. थंडीत तहान कमी लागते, घाम लगेच सुकतो, म्हणून पाणी आठवणीने प्या. मधुमेहींनी इन्सुलिनवर असताना उपाशीपोटी पळू नये, खिशात साखर ठेवावी आणि घरी आल्यावर पायाचे तळवे डोळ्यांनी तपासावेत. बधिर पायाला जखम कळत नाही.

आता बर्फाकडे जाणाऱ्यांसाठी. आपल्याकडची तरुण मंडळी आता लडाखचे बेत आखतात. २०२३ च्या फेब्रुवारीत गोठलेल्या पँगाँग सरोवरावर २१ किलोमीटरची शर्यत झाली, त्यानंतर हे आकर्षण वाढलं आहे. ते सरोवर सुमारे ४,२०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत साठ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि नाशिक जेमतेम ६०० मीटरवर. विमानाने लेहला उतरून दुसऱ्या दिवशी पळायला जाणं जिवावर बेतू शकतं. आधी विश्रांती, मग चालणं, उंची टप्प्याटप्प्याने वाढवणं. डोकं दुखणं, मळमळ, झोक जाणं सुरू झालं तर वर जायचं नाही. लक्षणं वाढली तर लगेच खाली उतरायचं.

टोरांटो किंवा न्यू जर्सीला मुलांकडे राहणाऱ्यांना उंचीचा त्रास नाही, वाऱ्याचा आहे. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. म्हणून जाताना वाऱ्याच्या समोर जा आणि येताना पाठीशी घ्या. उलट केलंत तर घामेजलेल्या अंगावर वारा झेलत परतावं लागेल. ताज्या भुसभुशीत बर्फावर पाय रोवतो, पण पारदर्शक बर्फाचा थर डांबरावर दिसतही नाही. पावलं लहान टाका, पाऊल शरीराच्या बरोबर खाली पडू द्या, वेगाचं घड्याळ घरी ठेवा. बुटांवर चढवायच्या खिळेदार जाळ्या तिथे मिळतात, त्या घ्या. गॉगल लावा, कारण ताजा बर्फ सूर्याची बरीचशी अतिनील किरणं परत डोळ्यांत फेकतो.

बोट, नाक किंवा कान पांढरा, मेणासारखा आणि बधिर झाला, तर तो भाग चोळू नका, शेकोटीवरही धरू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. घरात या, अंगठ्या काढा, ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात तो भाग बुडवा आणि डॉक्टरांना दाखवा. पुन्हा गारठ्यात जावं लागणार असेल, तर तो वाटेत ऊबवू नका. एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या बोटाचं नुकसान जास्त होतं.