नानकटाई आणि क्रिकेटचा सामना

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही गावे एकाच लोहमार्गावर पाठोपाठ वसलेली आहेत. परंतु त्यांचा इतिहास भिन्न आहे. अंबरनाथचे शिवालय इ. स. १०६० चे, तर उल्हासनगर १९४७ च्या फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी वसविलेले. येथील घराघरांतील खाद्यपदार्थही निरनिराळे. तथापि क्रिकेटचा मोठा सामना असला म्हणजे पुष्कळ घरांतून एकच देखावा दिसतो: सारे कुटुंब दूरचित्रवाणीपुढे, आणि आई स्वयंपाकघरात! चौकाराचा गलका तिच्या कानी पडतो. चौकार मात्र तिला दिसत नाही.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक प्रथमच जिंकला. शफाली वर्मा हिने ८७ धावा काढल्या. दीप्ती शर्मा हिने ५८ धावा करून ५ बळीही घेतले. स्त्रियांच्या अशा पराक्रमाचा जयघोष घरात चालावा, आणि घरच्या स्त्रीने तो ओट्यापाशी उभे राहून केवळ ऐकावा, हे आम्हांस उचित वाटत नाही.

यावर उपाय खाऊ वर्ज्य करणे हा नव्हे; खेळाशी जुळणारा खाऊ निवडणे हा होय. भजी गरमच खावी लागतात, म्हणून कोणास तरी कढईपाशी उभे राहणे प्राप्त होते. भाजलेल्या खाऊचे तसे नाही. नानकटाईचेच उदाहरण घेऊ. हिचे नाते सुरतेच्या भट्ट्यांशी जोडले जाते. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास मैदा, तूप व साखर बेकरीत नेऊन ती भाजून आणण्याची चाल होती. आता ती घरीही सहज साधते.

साहित्य: मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, घट्ट तूप १५० ग्रॅम, पाव चमचा खाण्याचा सोडा, एक चमचा दही, वेलदोड्याची पूड.

कृती: तूप व साखर हलकी होईपर्यंत फेसावी. त्यात दही व वेलदोड्याची पूड घालून, सोड्यासह चाळलेली पिठे हलक्या हाताने मिसळावी. फार मळू नये. तूप पिठाच्या कणांस वेढते, त्यामुळे मैद्यातील चिवटपणा वाढत नाही व खुसखुशीतपणा येतो. दह्यातील आम्ल व सोडा यांच्या संयोगाने कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होऊन नानकटाई फुलते व तिला भेगा पडतात.

भट्टी नसल्यास जाड बुडाच्या कुकरात मिठाचा थर पसरावा, झाकणाची शिटी व रबरी कडे काढून ठेवावे, आणि तो दहा मिनिटे तापवावा. आत तिवई ठेवून तीवर गोळ्यांची ताटली ठेवावी व मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. गरम असता नानकटाई मऊ लागते. निवल्यावरच ती कडक होते. म्हणून घाईने उचलू नये. तापलेल्या कुकरापाशी मुलांसमवेत वडील माणूस असावे.

आता वेळेचे गणित पाहा. पन्नास षटकांच्या सामन्यात प्रत्येक डाव सुमारे साडेतीन तास चालतो. नाणेफेकीपूर्वी दोन-तीन घाणे काढून डबा भरून ठेवला, तर पुढे कोणासही आत जावे लागत नाही. मुलांनी पीठ चाळावे, वेलदोडे कुटावे, गोळे वळावे. वडिलांनी आच सांभाळावी. भांडी सर्वांनी मिळून घासावी.

विद्यार्थिमित्रहो, अकरा गडी आपापली जागा राखतात तेव्हाच सामना जिंकला जातो, हे तुम्ही जाणताच. येत्या सामन्याच्या दिवशी डबा आधी भरा, आणि पहिला चेंडू पडण्यापूर्वी आईला सर्वांच्या मधोमध बसवा.