मनाउसला जाण्याचा बेत : एक जमाखर्च

प्रवासवर्णन प्रवास करून आल्यावर लिहायचे असते. मी अजून मुंबईच्या पलीकडे गेलेलो नाही. तरीही हा लेख एका प्रवासाविषयी आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी दक्षिण अमेरिकेतील मनाउस या शहरी जाण्याचा बेत वहीत पूर्ण आखला. तो आखताना वाणिज्य शाखेचे काही धडे मला नव्याने उमगले. ते विद्यार्थी बंधुभगिनींपुढे मांडावेत, एवढाच हेतू.

मनाउसच का? माझ्या वडिलांचे बेळगावात टायर-ट्यूबचे छोटे दुकान आहे. सुटीत मी गल्ल्यावर बसतो. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हते, आणि भिंतीवर टांगलेल्या टायरांकडे पाहता पाहता मनात आले, हे रबर मूळचे कुठले? उत्तर शोधताना मी ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन जंगलात पोहोचलो. रबराचे झाड तिथले, आणि त्या रबराचा पैसा ज्या शहरांत साठला त्यांपैकी एक मनाउस.

वाट

मनाउस ही ब्राझीलमधील अमाझोनास राज्याची राजधानी. विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे तीन अंशांवर, रिओ नेग्रो नदीच्या काठी. समुद्र नदीमार्गे सुमारे १,५०० किलोमीटर दूर, तरी समुद्रावरची मोठी जहाजे इथवर येतात. नकाशात दक्षिणेकडून येणारा एक रस्ता दिसला म्हणून मी आधी बसचा प्रवास लिहिला, आणि फसलो. त्या रस्त्याचा मधला मोठा टप्पा कच्चा आहे. पावसात तो चिखलात बुडतो. वीस लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर मुख्यतः विमानाने आणि बोटीनेच देशाशी जोडलेले आहे. म्हणून वहीत दोन वाटा लिहिल्या : मुंबईहून वाटेत विमान बदलून साओ पावलो आणि तिथून सुमारे चार तासांच्या विमानाने मनाउस, किंवा समुद्राजवळच्या बेलें शहरातून बोटीने, प्रवाहाविरुद्ध चार-पाच दिवस. बोटीत झोपायला उतारू आपापला कापडी झोपाळा टांगतात.

वेळ

मी जानेवारी महिना धरला होता, थंडी असेल म्हणून. आमचे सर हसले. "विषुववृत्तावर थंडी शोधतोस होय? तिथं पाऊस आणि कमी पाऊस, एवढंच बघ." डिसेंबर ते मे हा तिथला जोराचा पावसाळा. नदी मात्र जूनमध्ये सर्वांत जास्त भरते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वांत खाली जाते. दोहोंतला फरक सहज दहा मीटर असतो. म्हणून बंदराचा धक्का तरंगता बांधलेला आहे, पाण्याबरोबर तो वर-खाली होतो. २०२१ साली तिथल्या मोजपट्टीवर पाणी ३० मीटरांवर गेले, तर २०२४ च्या दुष्काळात १२.७ मीटरांच्याही खाली उतरले. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मोठ्या मालवाहू जहाजांना वर येणे अवघड झाले आणि कारखान्यांना कच्च्या मालाची अडचण सोसावी लागली. मी जुलैअखेर निवडली : पाऊस कमी, नदी भरलेली.

कागदपत्रे व भाषा

पारपत्र आणि व्हिसा तर हवेतच. पण माझ्या यादीत एक कागद राहिला होता : पीतज्वराच्या लशीचा दाखला. ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. ब्राझीलहून येणाऱ्याजवळ हा दाखला नसेल तर आपल्याकडे त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. म्हणजे हा कागद परत येण्यासाठी लागतो! बेत आखणाऱ्याने परतीची पाने आधी लिहावीत, हा धडा मी त्यातून घेतला.

भाषा पोर्तुगीज. ती वाटते तितकी परकी नाही. पगार, लिलाव, चावी, साबण, बटाटा, अननस हे आपले शब्द पोर्तुगीजांकडूनच आले. आमच्या भागातले कन्नड मित्रही 'पगार' आणि 'चावी' म्हणतात. काजूचे झाडही ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणले, आणि आज आपल्या शेजारच्या चंदगड तालुक्यात काजूचे कारखाने चालतात.

पाहायचे काय

पहिल्या दिवशी तेआत्रो अमाझोनास. जंगलाच्या मध्यावर उभे असलेले हे संगीत नाट्यगृह १८९६ साली उघडले. त्याच्या घुमटावर ब्राझीलच्या ध्वजाच्या रंगांची सुमारे ३६,००० कौले आहेत, संगमरवर इटलीचा. दुसऱ्या दिवशी शहराजवळचा संगम : रिओ नेग्रोचे काळे आणि सोलिमोइसचे मातकट पाणी, तापमान, वेग व घनता वेगळी असल्याने, सुमारे सहा किलोमीटर शेजारी शेजारी न मिसळता वाहते.

उधारीची साखळी

त्या नाट्यगृहाचा पैसा कुठून आला, हे शोधताना मी थांबलो. तिथल्या व्यापाराच्या पद्धतीला 'आवियामेंतो' म्हणत. निर्यात करणारी पेढी शहरातल्या व्यापाऱ्याला उधार देई, तो जंगलपट्ट्याच्या मालकाला, आणि मालक झाडाचा चीक काढणाऱ्या मजुराला. पीठ, मीठ, कोयता सारे चढ्या भावाने वहीत नावे पडे. रबर उतरत्या भावाने जमा होई. ईशान्येच्या दुष्काळातून आलेला मजूर कामावर हजर होई तेव्हाच प्रवासखर्चाचा कर्जदार असे. देणे फिटेपर्यंत माल दुसऱ्याला विकायची सोय नव्हती.

हा डोलारा टिकला नाही. १८७६ साली हेन्री विकहॅम या इंग्रजाने सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. उगवल्या थोड्याच, पण त्यांची रोपे सिलोन आणि मलायात वाढली. ब्राझीलमध्ये झाडे जंगलात विखुरलेली. रांगेत लावली तर पानांवरच्या करपा रोगाने मरत. आशियात तो रोग नव्हता. १९१३ साली मळ्यांच्या रबराने जंगली रबराला मागे टाकले आणि मनाउसचा बाजार बसला. केरळातले रबराचे मळेही १९०२ पासूनचे. पुढे १९६७ साली सरकारने मनाउसला करसवलतींचे मुक्त व्यापारक्षेत्र केले. आज तिथे मोटारसायकली आणि दूरचित्रवाणी संच जोडले जातात. एके काळी एका मालावर जगणारे शहर आता एका सवलतीवर पुष्कळसे जगते.

ताळेबंद

बेताचा एकूण खर्च मांडला आणि तो आमच्या दुकानाच्या खतावणीशी ताडून पाहायला बसलो. तेव्हा एक पान दिसले, जे मी आजवर नुसते उलटत होतो. आम्ही माल एका घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर घेतो. त्याचा भाव रोखीच्या भावापेक्षा बराच चढा. आणि मागची बाकी असल्याने बाबा दुसरीकडून माल घेऊ शकत नाहीत. ही बाकी सहा वर्षे तेवढीच आहे. आवियामेंतोची साखळी मी पोर्तुगीज नावाने शिकलो, आणि तिचे एक टोक आमच्याच गल्ल्याखाली निघाले.

मी बाबांना पान दाखवले. ते म्हणाले, "मला ठाऊक नाही होय रे? पण एकदम एवढी रक्कम आणायची कुठून?"

गेली दोन वर्षे शिकवण्या घेऊन मी काही पैसे बाजूला ठेवले आहेत. साओ पावलोच्या निम्म्या तिकिटाइतकेही ते नाहीत. पण त्या बाकीचा तिसरा हिस्सा त्यातून फिटतो. दिवाळीनंतर तो फेडला. उरलेल्या रकमेचे हप्ते आम्ही दोघांनी मिळून लिहून काढले आहेत. मनाउसची वही मी फाडलेली नाही. तिच्या पहिल्या पानावर, पारपत्राच्याही आधी, आता एक ओळ वाढली आहे : घाऊक व्यापाऱ्याचे देणे, शिल्लक दोन हिस्से.