ट्रॅक्टर चालविणारास शिकाऊ परवाना कसा मिळवावा

आमच्या चिखला गावच्या आसपास, म्हणजे गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग, सीतासावंगी या बाजूस, एके काळी रस्त्यावर मँगनीजच्या खाणीच्या गाड्या तेवढ्या दिसत. शेतकऱ्याची म्हणून जी गाडी असे ती बैलांची. आता तुमसर तालुक्यात रोवणीच्या दिवसांत चिखलणी बैलांनी होते असे शेत शोधावे लागते. बैल गेले व ट्रॅक्टर आला, यात खेद करण्यासारखे आम्हांस काही वाटत नाही. परंतु बैलगाडी हाकावयास सरकारचा कागद लागत नसे व ट्रॅक्टर हाकावयास तो लागतो, ही एक गोष्ट मात्र आपल्या लोकांच्या अंगवळणी अद्याप पडलेली नाही. ट्रॅक्टरचे कर्ज, विमा, नोंदणी यांचे कागद पेटीत जपून ठेवलेले असतात. आणि तो ट्रॅक्टर चालविणाऱ्या मुलापाशी परवाना विचारला तर तो हसतो.

याबाबतीत आम्ही स्वतःही दोषी होतो हे प्रथमच सांगितलेले बरे. महसूल खात्यात कारकुनी करीत असता इतरांच्या अर्जांतील त्रुटी काढण्यात आमचा जन्म गेला, परंतु घरचा ट्रॅक्टर आम्ही अनेक वर्षे विनापरवाना शेतावर नेला व आणला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सेवेतून मोकळे झाल्यावर पुतण्यासाठी चौकशी करू लागलो, तेव्हा कायदा वाचला व मनात चरकलो. मग पुतण्याच्या अर्जाबरोबर आमचाही अर्ज केला. त्या खटपटीत जे कळले ते येथे देत आहो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा दि. १ जुलै १९८९ पासून अमलात आहे. त्यापूर्वी १९३९ चा कायदा होता व त्याच्याही आधी १९१४ चा. तेव्हा परवान्याची अट काही आजची नव्हे. १९८८ च्या कायद्याचे कलम ३ असे सांगते की, सार्वजनिक जागी मोटार वाहन चालविणारापाशी परवाना असलाच पाहिजे. येथे 'सार्वजनिक जागी' हे शब्द शेतकऱ्याने नीट ध्यानात घ्यावे. आपल्या बांधीत, आपल्या धुऱ्याच्या आत चिखलणी करणारा मनुष्य सार्वजनिक जागी नसतो. परंतु बांधी सोडून ट्रॅक्टर पांदणीला लागला की तो सार्वजनिक जागी आला. आमचे कित्येक बंधू म्हणतात, "पांदण म्हणजे काय सडक आहे?" सडक नसेल, पण कायद्याच्या व्याख्येत जेथे लोकांस जाण्यायेण्याचा हक्क आहे ती प्रत्येक वाट येते. गावनकाशा उघडून पाहावा. विदर्भात तर निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज असे दोन कागद गावोगाव केलेले आहेत आणि रस्त्या-वाटांचे हक्क त्यांत नमूद असतात. ज्या पांदणीवर आपला हक्क सांगण्यासाठी आपण तहसील कचेरीत भांडतो, तीच पांदण परवान्याचा प्रश्न निघाला की खाजगी कशी होईल?

परवाना नसता काय होते? कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तीप्रमाणे विनापरवाना चालविणारास तीन महिनेपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि ज्याने आपले वाहन अशा माणसाच्या हाती दिले त्या मालकासही कलम १८० खाली तितकीच. मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल तर गोष्ट फार वाईट. कलम १९९-क प्रमाणे त्याने केलेल्या अपराधाबद्दल पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षेपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्या नकळत घडले, किंवा न घडावे म्हणून आपण सर्व काळजी घेतली होती, हे शाबीत करण्याचा बोजा पालकावरच असतो. सोळा वर्षांच्या पोराने धानाची ट्रॉली खरेदी केंद्रावर नेली म्हणून चारचौघांत कौतुक सांगणाऱ्या बापाने हे कलम एकदा कोणाकडून वाचवून घ्यावे.

दंडाहून मोठा धोका विम्याचा आहे. अपघातात तिऱ्हाईत मनुष्य दगावला किंवा जायबंदी झाला, आणि मालकाने परवाना नसलेल्याच्या हाती वाहन दिले होते असे ठरले, तर विमा कंपनीने नुकसानभरपाई आधी द्यावी व मग ती मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वरणसिंग यांच्या प्रकरणात दाखवून दिला. आमच्या ओळखीच्या एका घरी अशी वसुली आली. कंपनी कोणती व घर कोणते हे सांगण्याचे कारण नाही. ट्रॅक्टर तर विकला गेलाच. धानाची दोन एकर ओलिताची बांधीही गेली. त्या जमिनीच्या फेरफाराची नोंद पुढे आमच्याच नजरेखालून गेली, म्हणून विसर पडत नाही.

त्याच निकालात शेतकऱ्याच्या उपयोगाची एक गोष्ट आहे. शिकाऊ परवाना हाही कायद्याच्या दृष्टीने परवानाच होय, आणि तो जवळ असणारास परवानाधारक मानले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले आहे. अर्थात विम्याच्या कागदात चालकाविषयी जे कलम असते, त्यात शिकाऊ माणसाने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ पाळलेला असावा अशी अट बहुधा घातलेली असते; आणि मालवाहू वाहनांच्या पॉलिसीत माल भरलेला असता शिकाऊने चालवू नये अशीही अट आढळते. आपल्या पॉलिसीचा कागद काढून ते कलम वाचावे. तोपर्यंत धानाची भरलेली ट्रॉली शिकाऊच्या हाती देऊ नये हेच शहाणपणाचे.

नियम ३ असा आहे. शिकाऊच्या सोबत पक्का परवाना असलेला मनुष्य हवा, आणि वाहन आवरता किंवा थांबविता येईल अशा जागी तो बसलेला हवा. वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्यावर तांबड्या रंगाचे इंग्रजी 'एल' अक्षर हवे. पाटी १८ सेंटिमीटर चौरस, अक्षराची उंची १० सेंटिमीटर व जाडी २ सेंटिमीटर, याहून कमी नको. आता ट्रॅक्टरची अडचण वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. ट्रॅक्टरला बैठक एक. शिकविणारा बसणार कोठे? मडगार्डावर बसवून शिकविण्याची जी चाल आहे तीत किती माणसे चाकाखाली गेली हे खेड्यापाड्यांतील लोकांस सांगावयास नको. आम्ही पुतण्यास असे शिकविले : ट्रॅक्टर आमच्याच पडीत बांधीत, ट्रॉली न जोडता, आणि रस्त्यावरचे शिक्षण चारचाकी मोटारीत, शिकविणारा शेजारी बसवून. हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येतच ७५०० किलोपर्यंत वजनाचा रिकामा ट्रॅक्टर येत असल्यामुळे त्या वर्गाच्या परवान्यावर आपले नेहमीचे ट्रॅक्टर चालविता येतात. या वर्गाच्या परवान्यावर ७५०० किलोच्या आतील मालवाहू गाडीही चालते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. तथापि भाड्याने रेती, विटा वाहण्याचा धंदा करणाराने इतकेच वाचून थांबू नये. शेतीसाठी म्हणून विमा उतरविलेला ट्रॅक्टर भाड्याने फिरविला तर चालकाचा परवाना चोख असूनही तंटा उभा राहतो. रोवणीच्या बाया ट्रॉलीत बसवून नेणे हेही तसेच. ट्रॅक्टरवर बसण्याची परवानगी चालकास तेवढी आहे, आणि ट्रॉलीतील माणसांची जबाबदारी विमा कंपनी नाकारते.

आता अर्जाविषयी. वय अठरा पूर्ण पाहिजे. (सोळा वर्षांस जो परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या, गियर नसलेल्या दुचाकीचा, तोही पालकाच्या संमतीने, त्याचा ट्रॅक्टरशी संबंध नाही.) अर्ज केंद्र सरकारच्या 'सारथी' या संकेतस्थळावर करावयाचा. आपल्या राज्यात २०२१ सालापासून आधार क्रमांकाच्या आधारे घरबसल्या अर्ज व परीक्षा देण्याची सोय झाली आहे, त्यामुळे शिकाऊ परवान्यासाठी भंडाऱ्यास खेप घालण्याची गरज राहिलेली नाही. ज्यास आधारच्या मार्गाने करावयाचे नसेल त्याने वयाचा व पत्त्याचा पुरावा घेऊन परिवहन कार्यालयात जावे. केंद्रीय नियमांतील फी शिकाऊ परवान्याच्या प्रत्येक वर्गास १५० रुपये व परीक्षेची ५० रुपये अशी आहे. सेवा केंद्रात अर्ज भरून घेतल्यास भरणावळ वेगळी पडते, परंतु पावती पाहून रक्कम द्यावी. फी पन्नास आणि मागणी हजारांची, असे प्रकार आम्ही पाहिले आहेत.

प्रकृतीबद्दल नमुना १ मध्ये अर्जदाराने स्वतःच प्रतिज्ञापूर्वक लिहून द्यावयाचे असते. चाळीस वर्षांवरील अर्जदारास मात्र नमुना १-क वर नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला लागतो. आमच्याकडून हीच चूक झाली. पुतण्यासारखा आपलाही अर्ज होईल या समजुतीने दाखला न जोडता पाठविला, तो परत आला. दुसरा अर्ज अडला तो नावामुळे. आधारवर वडिलांचे नाव एक, शाळेच्या दाखल्यावर त्याच नावाचे दुसरे रूप. सातबाऱ्यावर 'तुकाराम' व आधारवर 'तुकडू' असला घोटाळा ज्यांच्या घरी असेल त्यांनी परवान्याचे नाव काढण्याआधी आधार केंद्रात जाऊन तो दुरुस्त करावा. मोबाईलचा क्रमांकही आधारशी जोडलेला आहे ना हे तेथेच पाहून घ्यावे, कारण खातरजमेचा आकडा त्याच क्रमांकावर येतो. कारकुनास नावातील भेदाशी वैर नसते, पण आता कारकुनाच्या जागी यंत्र बसले आहे आणि त्यास समजावून सांगता येत नाही.

परीक्षेत साठ टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. नियम ११ प्रमाणे विषय चार : रस्त्यावरील खुणा, अपघात झाल्यास चालकाचे कर्तव्य, विनापहारा रेल्वे फाटक ओलांडतानाची खबरदारी, आणि जवळ बाळगावयाचे कागद. खुणांचे तत्त्व सोपे आहे. तांबड्या कडेचे वर्तुळ बहुधा हुकूम किंवा मनाई सांगते, त्रिकोण सावध करतो, निळी चौकट माहिती देते. उलटा त्रिकोण म्हणजे समोरच्यास आधी जाऊ द्या, आणि अष्टकोन म्हणजे थांबा. फाटकाविषयी कायदा सांगतो की गाडी थांबवावी, सोबत्याने किंवा स्वतः चालकाने उतरून पुढे जावे, दोन्ही बाजूंस गाडी येत नाही हे पाहावे व मगच ओलांडावे. ब्रॉडगेज मार्गावरील विनापहारा फाटके जानेवारी २०१९ पर्यंत काढून टाकण्यात आली, तरी प्रश्न राहिला आहे आणि तो राहिला हे ठीकच. तुमसर रोड ते तिरोडी या मार्गाच्या कडेला राहणारास त्याचे महत्त्व सांगावयास नको. अपघात झाल्यास जखमीस दवाखान्यात पोचविणे व चोवीस तासांच्या आत पोलिसांस कळविणे हे कर्तव्य आहे. लोकांच्या संतापाची भीती असेल तर तेथून सरळ ठाणे गाठावे, घर नव्हे.

घरबसल्या परीक्षेची सोय झाल्यापासून तिचा एक वाईट उपयोगही सुरू झाला आहे. मुलाच्या नावाने दुकानातील दुसराच कोणी उत्तरे देतो आणि मुलगा बाहेर चहा पीत बसतो. आमच्या पुतण्यासही असे सुचविण्यात आले. त्यास आम्ही नको म्हटले. तो पहिल्या खेपेस नापास झाला, पन्नास रुपये पुन्हा भरले, आणि रात्री कंदिलाखाली नव्हे पण मोबाईलच्या उजेडात खुणा पाठ करून दुसऱ्या खेपेस उतरला. त्यानंतर भंडारा मार्गावर तो आम्हांसच खुणा विचारू लागला, आणि तीनांपैकी एक आम्हांस आली नाही.

शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने. पक्क्या परवान्याची चाचणी तीस दिवस झाल्याशिवाय देता येत नाही. चाचणीस स्वतः जावे लागते आणि ज्या वर्गाचा परवाना हवा त्या वर्गाचे वाहन, त्याच्या नोंदणी व विम्याच्या कागदांसह, न्यावे लागते. चाचणीची फी ३०० व परवान्याची २०० रुपये. एकदा चुकल्यास सात दिवसांनी पुन्हा संधी मिळते. तीनदा चुकल्यास साठ दिवस थांबावे लागते. हा सर्व हिशेब शेतीच्या कामाशी जुळवावा. मळणी व धानाची विक्री आटोपून माघात अर्ज केला तर चैत्र-वैशाखात चाचणी होते, आणि एखाद-दुसऱ्या खेपेस चुकले तरी रोवणीपूर्वी परवाना हाती येतो. मृग लागल्यावर अर्ज करणाराची मुदत रोवणी, निंदण व कापणी यांतच संपते व मग नवा अर्ज करावा लागतो. आमच्या शेजारी दोन घरी गेल्या वर्षी हेच झाले.

मुलींसाठीही अर्ज करावा, असे आमचे मत आहे. घरातील कर्ता पुरुष खाणीवर पाळीला गेला असता ट्रॅक्टर दारात उभा व पऱ्हे वाट पाहत, असे प्रसंग आमच्या गावी दर वर्षी येतात.

पक्का परवाना तिशीच्या आतील माणसास चाळीस वर्षांचा होईपर्यंत मिळतो, तीस ते पन्नासच्या दरम्यान दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्नमध्ये साठ वर्षांचा होईपर्यंत, आणि पंचावन्न उलटल्यावर पाच पाच वर्षे. पुतण्याचा परवाना त्यामुळे आमच्या परवान्याच्या तिप्पट टिकणार आहे. आमचा नूतन करावयाचा तेव्हा पुन्हा डॉक्टरकडे जावे लागेल. डोळ्यांचे काय ते तोपर्यंत कळेलच.